मासेवाल्याची सायकल आणि आमची पत्रकं

'सायकल चालवा' असं पत्रक मी लिहिलं तेव्हा मला सायकल येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी शोधून काढल्याचा आव आणायला नको.

२००७-०८ चा सुमार. रेडी बंदराकडे जाणारे लोहखनिजाचे डंपर आमच्या गावातून जायचे. रस्त्याकडेची झाडं लाल, वाळत घातलेली लुगडी लाल, केळीची पानं लाल, शेंबूडसुद्धा लाल. त्याविरुद्ध गावात एक समिती होती. समितीत सात पुरुष आणि मी. सगळे निर्णय एकमताने व्हायचे. मत देणारे ते सात आणि ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारी मी. चहा कुणी करायचा हा विषय कधी चर्चेलाच आला नाही, तो आपोआप मंजूर असायचा.

पत्रकं मात्र सगळी माझी. कॉलेजात असल्यापासून मला ती खोड होती. तीन उद्गारचिन्हं लावल्याशिवाय माझं वाक्य जमिनीवर पाय टेकत नसे. 'रस्ता कुणाच्या मालकीचा!!!' हे माझंच. त्या जोशात एकदा मी लिहून टाकलं की रस्त्याच्या कडेची दोन हात जागा सायकलवाल्यांसाठी मोकळी सोडा, नागरिकहो, अडगळीतल्या सायकली बाहेर काढा, सायकल हे स्वाभिमानाचं वाहन आहे!!! आमच्या अडगळीत सायकल नव्हती. कधीच नव्हती. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, कॉलेज एसटीने, आणि नोकरी मिळालीच नाही. सायकलीची वेळ आली कधी?

ते पत्रक मी तिठ्यावर वाटत होते. लोक घ्यायचे, घडी घालायचे आणि पुढच्याच दुकानात त्यात भजी बांधून घ्यायचे. वाचलं फक्त एकाने. किनाऱ्यावरच्या वाडीतला पन्नाशीचा मासेवाला. काळी दणकट सायकल, मागे टायरच्या ट्यूबने करकचून बांधलेली लाकडी पेटी, हँडलला रबरी भोंगा. सायकल मांडीला टेकवून, ओठ हलवत, त्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत पत्रक वाचलं. मग मान वर केली.

"बरां लिवलंस गो. तुजी सायकल खंय आसा?"

आजूबाजूचे चार-पाच जण बघायला लागले.

"पंक्चर झालीय," मी म्हणाले.

"मगे हाड घराक. माजी बायल पंक्चर काढता."

खोटं एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा तोंडावर होती आणि तिच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा. महिलांनी ठराव केला तर तो दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत रेटता येईल, असं आमचं गणित. ठरावाचा मजकूर माझ्याच पत्रकातला: शाळेच्या वेळेत डंपर बंद. अडचण एकच होती, महिलांच्या ग्रामसभेला महिला येत नसत. विशेषतः सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठाराच्या, पायथ्याच्या वाडीतल्या. ती वाडी डंपरच्या रस्त्याला अगदी चिकटून. तिथल्या बायका आल्या नाहीत तर ठराव कुणाच्या तोंडून करायचा?

आमच्यात एकाकडे मोटरसायकल होती. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. मोटरसायकल त्याची म्हणून कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, कुणाशी बोलायचं हेही त्याचंच. दोन वर्षं मी त्याच्या मागे बसून गावोगाव हिंडले. आरोंद्यापर्यंत गेले. कुणी विचारलं, आरोंदा कसं आहे, तर मी त्याच्या मानेवरच्या तिळाचं वर्णन करू शकले असते. सड्याच्या पायथ्याशी तर तो गाडीचा वेग कधी कमीच करत नसे. वाडीच्या टोकाच्या दुकानात पत्रकांचा गठ्ठा भिरकावला की काम झालं.

बैठकीत आम्ही सगळे प्रमाण मराठीत बोलायचो, जणू पडद्यामागे कलेक्टर बसून ऐकतोय. तो म्हणाला, "त्या वाडीतील महिलांमध्ये जागृती नाही. त्यांच्यावर वेळ घालवणं व्यवहार्य नाही. आपण सरळ चक्का जाम करू."

मी म्हणाले, "त्यांच्याशी आजवर कुणी बोललंय? मी जाते. मी आणते त्यांना सभेला."

त्याबरोबर त्याची प्रमाण मराठी गळून पडली. "तू जातलंस? कशी? एसटी थय थांबणा नाय."

"सायकलने."

"येता तुका?"

"येते."

समितीने हे एकमताने मंजूर केलं. बायका आल्या नाहीत तर ठराव बाजूला ठेवून चक्का जाम करायचा आणि यापुढे मी पत्रकं लिहायची, वाटायची नाहीत, असंही कुणीतरी हसत हसत जोडलं. हसत हसत जोडलेलं वाक्य आमच्याकडे इतिवृत्तात जातं. ते मीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावरच्या वाडीत गेले. मासेवाल्याची बायको अंगणात सुकट निवडत बसली होती. मी तिला काकी म्हटलं आणि उभीच राहिले.

"पंक्चर खंय आसा?" तिने विचारलं. म्हणजे नवऱ्याने घरी सांगितलं होतं.

"पंक्चर नाही. सायकलच नाही. आणि येतही नाही."

ती इतकी हसली की सुपातली सुकट उडाली. "अगो, तुझ्या त्या कागदान आमच्या घोवाक काय चढला म्हायत आसा? म्हणता, शिकलेली माणसां सायकल चालवतत, आपण मोपेड कशाक घेतली?"

मोपेड त्याने आधीच सांगून ठेवली होती, ती त्याच आठवड्यात घरी आली होती. गुडघे गेले होते म्हणून. तीस वर्षांची सायकल माडाला टेकून उभी होती. तो मोपेड पुसत होता, मान वर न करता म्हणाला, "घेवन जा. पेटी ऱ्हवांदे, कागद घालूक बरी. भोंगो काढून देतंय."

भोंगा निघाला नाही. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजून हँडलचाच अवयव झाला होता. पाना दोनदा सटकून त्याच्या अंगठ्यावर बसला, तेव्हा त्याने बोल्टच्या आईचा उद्धार केला आणि भोंगा तसाच ठेवला.

शिकायची जागा म्हणजे भात कापून मोकळा झालेला मळा. जमीन टणक, वर भाताच्या कापलेल्या बुडख्यांचे काटे. काकी बांधावर बसली.

"तुम्ही मागून धरा हां," मी म्हटलं.

"मी धरूचंय नाय. तीस वर्सां घाटयेर ही सायकल मी मागसून ढकलली. आता ढकलूचंय नाय. पडलंस तर पड, हय दगड नाय."

पुरुषांची सायकल, मधे आडवा दांडा. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली. शाळकरी पोरं दांड्याखालून पाय घालून चालवतात तसं करून बघितलं. त्या आसनात चोवीस वर्षांची बाई कशी दिसते ते मला काकीच्या चेहऱ्यावरून कळलं. मग बांधावर चढून, तिथून सीटवर बसून, ढकलून द्यायची पद्धत काढली. चढायला बांध हवा आणि उतरायला नशीब.

"फुडे बघ गो! चाकाक काय बघतस? तां काय पळान जातला?"

तिसऱ्या दिवशी मी सरळ जायला लागले. फक्त सरळ. वळता येत नव्हतं. मळ्याच्या टोकाला जाऊन बांधावर आदळायचं, सायकल हाताने फिरवायची, परत सरळ यायचं. वळायला मला समितीतही येत नसे, तिथेही माझ्याबद्दल हीच तक्रार होती. चौथ्या दिवशी वळायचा प्रयत्न केला आणि शेजारच्या कुणग्यातल्या, म्हणजे शेताच्या तुकड्यातल्या, कुळथात घुसले. कुळथाचा मालक, एक म्हातारा, हातातली काठी उगारून धावत आला.

"शिरा पडो तुज्या सायकलीर! बैल शिरलो तर समाजता, ह्यां काय शिरलां?"

"चळवळ शिरली," काकी बांधावरून म्हणाली.

म्हाताऱ्याला काही कळलं नाही, पण त्याने काठी खाली घेतली. संध्याकाळी मी त्याचा कुळीथ सरळ करून दिला. सगळा झाला नाही.

सहाव्या दिवशी मी रस्त्यावर गेले. जायला नको होतं, पण ग्रामसभा काही माझ्या वळण्यासाठी थांबणार नव्हती. पेटीत पत्रकं, गुडघ्याला हळद, आणि ब्रेक म्हणाल तर मागचा होता असं मासेवाल्याचं म्हणणं.

सड्याच्या पायथ्याशी रस्ता उताराचा आहे आणि उताराच्या तळाशी वळण. वळणापलीकडे वाडी. उतारावर मी मागचा ब्रेक दाबला आणि तो नव्हता. वळणावर समोरून काही आलं तर? घाबरून हाताला लागला तो भोंगा दाबला. पों पों! पों पों पों!

वळण कसं पार झालं ते आठवत नाही. पुढचं मात्र नीट आठवतं. दोन्ही बाजूंच्या घरांतून बायका बाहेर आल्या. कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात पातेलं. आणि मांजरं. कुठून कुठून मांजरं आली. घरांच्या दगडी गडग्यांवरून उड्या मारत, शेपट्या ताठ करून. मी पाय सोडून एका गडग्याला टेकले, थांबले आणि पुढच्याच क्षणी घेरली गेले.

"आज सोमवार मां?" ताटवाली एक म्हातारी ओरडली. "सोमवारी कसले मासे हाडलंस?"

सोमवार. आमच्याकडे बहुतेक घरांत सोमवार शिवराक, म्हणजे माशांचं नाव काढायचं नाही असा दिवस. पत्रकावर तारीख छापणाऱ्या बाईला वार माहीत नव्हता. आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या सोमवार असूनही ताटं घेऊनच बाहेर आल्या होत्या. भोंग्याचा आवाज झाला की हात आपोआप ताटाकडे जातो. वार नंतर आठवतो. त्यामुळे राग दुप्पट. मी त्यांचा सोमवार अर्धा मोडला होता.

"ह्यां कोण? मासेवालो खंय गेलो?"

"सायकल तीच आसा."

"मेलो काय तो?" म्हातारीचा आवाज एकदम खाली आला.

"नाही हो, मोपेड घेतली त्यांनी," मी म्हणाले.

"मगे मेलो नाय म्हणून सांग मां! जीव उडयलंस! पेटी उघड बघया."

पेटी उघडली. पाच-सहा डोकी आत वाकली. मांजरंही वाकली. आत पत्रकं.

"ह्यो कागद तळून खाव काय?"

"मीठ-मसालो लावन खा, शिवराकच आसा."

हशा झाला. मी भाषण सुरू केलं. "भगिनींनो, या रस्त्यावर..." एका मांजराने पेटीत उडी मारली, पत्रकं हुंगली आणि निराश होऊन निघून गेलं. माझ्या लिखाणावर इतका स्पष्ट अभिप्राय आधी कुणी दिला नव्हता.

यावेळी मोटरसायकल असती तर मी गठ्ठा देऊन निघाले असते. इथे निघताच येत नव्हतं. सायकलवर चढायला मला उंचवटा लागायचा आणि ज्या गडग्याला मी टेकले होते त्यावर आता तीन बायका बसल्या होत्या. 'जरा उठता का, मला चढायचंय,' असं म्हणायची लाज वाटली. म्हणून थांबले. चळवळीच्या कामात मी कुठे तासभर नुसती उभी राहिले, असं हे पहिल्यांदा घडलं आणि त्यात तत्त्वाचा काही संबंध नव्हता.

त्यांच्यातली एक, तिशीची, कमरेला कोयता खोचलेला, वाफ्याला पाणी लावता लावता आली होती. तिने पत्रक घेऊन मोठ्याने वाचलं. "शाळेच्या वेळेत डंपर बंद." मग माझ्याकडे बघितलं. "बंद म्हंजे?"

"म्हणजे सकाळी सात ते दहा डंपर चालणार नाहीत."

"चलणार नाय, मगे खंय जातले?"

"थांबतील."

"खंय?"

मी पत्रकात बघितलं. तिथेही लिहिलेलं नव्हतं.

"आमच्या दारात गो! बंदरात गर्दी झाली की आतासुदा हयच उबे रवतत. ओळीन. पोरां डंपराच्या मधसून शाळेत जातत. चलता डंपर दिसता तरी. उबो डंपर कधी सुटात, सांगूक येता?"

म्हातारी म्हणाली, "आणि ते मेले मुततत खंय, ता पण लिव तुझ्या कागदार."

मी रस्त्याकडे बघितलं. खरोखर पहिल्यांदा बघितलं. घरांसमोर काठाला तेलाचे काळे डाग, एकामागोमाग एक. एका तुळशीपासून चार हातांवर चाकांचे खोल खड्डे. या रस्त्याने मी शंभर वेळा गेले असेन, दर वेळी मागच्या सीटवर बसून, दर वेळी त्या तिळाकडे बघत. 'शाळेच्या वेळेत डंपर बंद' हे मी घरी बसून लिहिलं होतं आणि वाचायला छान वाटलं होतं.

"मग तुम्हाला काय हवं?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या एकाही पत्रकात नव्हता.

"वाडयेच्या हद्दीत डंपर उबो करूचो नाय. चलांदे. उबो करूचो नाय. एवढाच."

"मग सभेला या, तिथे सांगा."

"कधी?"

"पंचवीस तारखेला. दहा वाजता."

"धा वाजता वाफ्याक पाणी लावूचा आसता," कोयतेवाली म्हणाली. "बघतंव."

'बघतंव' या शब्दावर आमच्याकडे लग्नं मोडलेली आहेत. मी मान हलवली. मग धीर करून म्हणाले, "जरा गडग्यावरून उठता का?"

समितीत मी सांगितलं की मजकूर बदलायला हवा. मोटरसायकलवाला म्हणाला, "समितीने मंजूर केलेला मजकूर आहे. शिवाय पत्रकं छापून झाली आहेत."

"चूक छापलंय."

"तुजाच लिवलेला मां?"

"हो. मीच चूक लिहिलंय."

आमच्या समितीत हे वाक्य आधी कुणी उच्चारलं नव्हतं. शेवटी ठरलं की बायका आल्या तर त्यांनीच काय ते सांगावं आणि नाही आल्या तर चक्का जाम. येणार नाहीत याबद्दल सातही जणांचं एकमत होतं. माझंही थोडंफार होतं.

नंतरचे दिवस मी रोज त्या वाडीत गेले. उतारावर उतरून, सायकल हाताने धरून. भोंग्याला हात लावायचा नाही. तरी मांजरं यायची; पेटीच्या लाकडात तीस वर्षांचे बांगडे मुरले होते. एकदा मागून डंपर आला आणि त्याच्या वाऱ्याने मी ढकलली जाऊन कडेच्या घाणेरीच्या झुडपात गेले. संध्याकाळी मासेवाल्याला हात दाखवले. सगळे ओरखडे.

"तू हँडल कसा धरतस?"

मी धरून दाखवलं.

"तां हँडल आसा, कोणाचो गळो नाय. सैल सोड. डंपर मागसून इलो की आंग सैल सोड. कडक ऱ्हवलंस की वारो ढकलता. सैल ऱ्हवलंस की तो जाता, आपण ऱ्हवतंव."

हा सल्ला पाळणं मला फार जड गेलं. सैल सोडणं माझ्या स्वभावात नाही. मला वाटायचं, डंपर येतोय आणि आपण अंग सैल सोडायचं म्हणजे शरणागती. पण घाणेरीचे काटे वैचारिक वाद घालत नाहीत. तीनदा आत गेल्यावर खांदे आपोआप खाली आले. मग लक्षात आलं, की जाताना दुसरंही काही दिसतं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची कुड्याची झाडं. कुणाच्या तरी परसातली वालाची वेल. डंपर सोडून बाकी गाव.

पंचवीस तारखेला दहाला मी ग्रामपंचायतीत हजर. अंगणवाडीची बाई, बचत गटाच्या दोघी, सरपंचबाई आणि ग्रामसेवक. साडेदहा झाले. पावणेअकरा. ग्रामसेवकाने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"कोरम नाही. अर्धा तास वाट बघतो आणि सभा तहकूब करतो."

मी बाहेर पळाले. खरं सांगते, त्या क्षणी मी मोटरसायकल शोधत होते. मागे बसायला तयार होते, तीळ बघायला तयार होते. पण तो समोरच्या टपरीवर नव्हता. बायका येणार नाहीत याची इतकी खात्री होती की तो चक्का जामच्या तयारीला गेला होता. सायकल भिंतीला टेकून होती. मी ती घेतली आणि निघाले. कशी चढले हे मला पुढच्या वळणावर लक्षात आलं. ग्रामपंचायतीपाशी ना बांध होता ना गडगा.

डंपर मागून येत होते. मी आधी घाबरायचं ठरवलं, मग वेळ नव्हता म्हणून सोडून दिलं. एक गेला, वारा आला, केस तोंडावर आले, मी सरळ राहिले. दुसरा गेला. उतारापाशी पोचले तर खाली डंपरांची रांग उभी. बंदरात गर्दी असावी. रांग आणि गडगा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून एकामागून एक बायका येत होत्या. पुढे कोयतेवाली, आज कोयता नाही, पण पदराचे काठ ओले. मागे म्हातारी, डंपरच्या चाकांना शिव्या देत. एकूण पंचवीस-तीस तरी.

मी कशीबशी उतरले.

"खंय चललंस गो?" कोयतेवालीने विचारलं.

"तुमका आणूक."

"आमी काय वाट चुकलांव?"

मागे हशा रांगेतून शेवटपर्यंत गेला. शेवटच्या बाईला तर मुळात काय झालं हेही माहीत नसावं, तरी ती हसली. म्हातारीने आपली पिशवी माझ्या पेटीवर ठेवली आणि सायकलला हात टेकून चालू लागली, जणू ती सायकल तिच्यासाठीच पाठवली होती.

ग्रामसेवक टेबलावरचं घड्याळ उचलत होता. खोलीत बसायला जागा उरली नाही. कोयतेवालीने सांगितलं, ग्रामसेवकाने लिहून घेतलं. त्याने ते प्रमाण मराठीत वाचून दाखवलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "ह्यां आमी सांगलेला नाय," आणि त्याने परत लिहिलं. माझ्या पत्रकातलं वाक्य मधे आलं होतं, ते मी स्वतः खोडायला सांगितलं. सभा संपल्यावर मोटरसायकलवाला दारात उभा होता.

"बस मागे, समितीक सांगूक जावया."

"तू पुढे हो," मी म्हणाले. "मी येते."

समितीत पोचले तेव्हा त्यांनी आपला चहा आपणच केला होता. मला तो चालला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत ठराव पास झाला. वरून एक पाटी आली: 'येथे वाहन उभे करू नये.' पहिल्याच दुपारी एक डंपर तिच्या सावलीत उभा राहिला. पाटीखाली चालक झोपला होता. मी पेटून दोन पानी पत्रक लिहायला घेतलं. वाडीतल्या बायकांनी तोवर वाट बघितली नाही. घरांच्या बांधकामांतून उरलेले जांभ्या दगडाचे जुने चिरे त्यांनी रस्त्याकडेने ओळीने मांडले, एका चिऱ्यापासून दुसरा चार-चार पावलांवर. आता उभा राहून दाखव. डंपरवाल्यांनी शिव्या दिल्या, बायकांनी त्याहून चांगल्या दिल्या. चिरे राहिले. चिऱ्यांच्या आणि गडग्याच्या मधे दोन हात वाट मोकळी झाली. तिथून शाळेची पोरं जायची, डोक्यावर गवताचा भारा घेऊन बायका जायच्या, आणि मी.

समितीचं काम पुढे चालू राहिलं, मारामाऱ्या झाल्या, कोर्टकचेरी झाली, ते वेगळं. मला सांगायचंय ते फेब्रुवारीतल्या एका दुपारचं. घरी काही काम नव्हतं. बैठक नव्हती. पेटीत पत्रकं नव्हती. मी सायकल काढली आणि निघाले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. व्हाळापर्यंत गेले, तिथे थोडी थांबले, मग त्या दोन हात वाटेने वाडीत शिरले. कोयतेवाली अंगणात सुपारी सोलत होती.

"आज काय हाडलंस?"

"काय नाय."

"कागदार सई व्हयी काय?"

"नाय."

"मगे कशाक इलंस?"

इतकी वर्षं मी कुठेही गेले की सोबत कारण असायचं, छापील, ठळक अक्षरात.

"अशीच," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं. सुपारी बाजूला सारली आणि पाट पुढे केला.